मोतीबिंदूनंतर पडद्याला सूज : थेंबांवर भरवसा ठेवावा का?

पत्राचा सारांश : नागपुरातील महाल भागात राहणाऱ्या ६६ वर्षांच्या एका निवृत्त गृहस्थांचे हे पत्र आहे. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर ते एका पतसंस्थेचे हिशेब पाहतात. होळीच्या आधी त्यांच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. दुसऱ्या दिवशी पट्टी काढताच लख्ख दिसू लागले आणि महिनाभर सगळे उत्तम होते. त्यानंतर मात्र त्या डोळ्याने अक्षरे मधोमध पुसट दिसू लागली आणि खातेवहीच्या उभ्या रेघा मध्येच वाकल्यासारख्या वाटू लागल्या. डॉक्टरांनी ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचे चित्र काढणारी तपासणी, करून डोळ्याच्या मागच्या पडद्याला (रेटिनाला) सूज असल्याचे सांगितले, नेपाफेनॅक आणि प्रेडनिसोलोन असे दोन थेंब लिहून दिले आणि दोन-तीन महिने लागतील अशी कल्पना दिली. पत्रलेखकांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. थेंब सुरू होऊन महिना होत आला तरी फरक थोडाच आहे. शेजारी म्हणतात की ऑपरेशन बिघडले. पुण्याची मुलगी म्हणते की थेंबांत वेळ घालवू नका, सरळ इंजेक्शन घ्या. दोनपैकी एक औषध स्टिरॉइड आहे हे औषधाच्या दुकानात कळल्यावर त्यांनी ती बाटली दहा दिवसांपूर्वी स्वतःच बंद केली आणि डॉक्टरांना ते सांगितलेले नाही. पडदा डोळ्याच्या मागे असताना पुढे टाकलेले थेंब तिथे पोचणार कसे, डॉक्टर वेळ काढत आहेत का, मुंबईला जावे का आणि डाव्या डोळ्याचे ऑपरेशन करावे की नाही, असे त्यांचे प्रश्न आहेत.

नमस्कार,

तुमचे पत्र सविस्तर आहे आणि हिशेब सांभाळणाऱ्या माणसाला शोभेल असे तारीखवार आहे. त्यातले एक वाक्य तुम्ही ओझरते लिहून पुढे गेला आहात, पण माझ्या दृष्टीने बाकी सगळे त्याच वाक्यावर अवलंबून आहे : स्टिरॉइडची बाटली तुम्ही बंद केली आणि डॉक्टरांना कळवले नाही. थेंब लागू पडतात की नाही, डॉक्टर बदलावा की नाही, इंजेक्शन घ्यावे की नाही, हे सगळे प्रश्न तुम्ही दोन्ही औषधे नियमाने चालू आहेत असे धरून विचारले आहेत, आणि वस्तुस्थिती तशी नाही. तुमचे डॉक्टरही तेच धरून चालले असणार. पुढच्या तपासणीत सूज उतरलेली दिसली नाही, तर थेंबांचा उपयोग झाला नाही असे समजून ते पुढची पायरी सुचवतील, आणि जो उपचार पुरता झालाच नाही तो निरुपयोगी ठरवून तुम्ही डोळ्यात सुई टोचून घ्याल. म्हणून बाकीचे काहीही ठरवण्याआधी उद्या सकाळी दवाखान्यात फोन करा आणि कोणत्या तारखेपासून कोणता थेंब बंद आहे ते स्पष्ट सांगा. डॉक्टर रागावतील ही भीती समजण्यासारखी आहे, परंतु थेंब मध्येच सोडणारे रुग्ण आम्हा डोळ्यांच्या डॉक्टरांना नवे नाहीत. न सांगणारे रुग्ण मात्र आम्हाला चुकीच्या निर्णयाकडे नेतात. ती बाटली आपल्या मनाने पुन्हा सुरूही करू नका. दिवसातून किती वेळा टाकायची आणि आधी डोळ्याचा दाब मोजायचा का, हे त्यांना ठरवू द्या.

आता ही सूज म्हणजे काय ते नीट पाहू, कारण तुमच्या बहुतेक शंका तिथून निघाल्या आहेत. पडद्याच्या मध्यभागी मॅक्युला नावाची छोटीशी जागा असते. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही बारीक कामे तेवढ्या जागेच्या बळावर चालतात. निरोगी डोळ्यात या जागेच्या मधोमध एक हलकासा खळगा असतो. तुमच्या ओसीटीच्या कागदावर पडद्याचा आडवा छेद छापलेला असेल, तो हातात घेऊन पाहा. खळग्याच्या जागी उंचवटा दिसेल आणि उंचवट्याच्या पोटात काळ्या, बुडबुड्यांसारख्या पोकळ्या दिसतील. त्या पोकळ्यांत साठलेले पाणी हीच तुमची सूज. शेजारी मायक्रॉनमध्ये एक आकडा असेल. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. यंत्रानुसार थोडा फरक पडतो, पण निरोगी डोळ्यात मध्यभागाची जाडी साधारण २५० ते २८० मायक्रॉनच्या आसपास असते. तुम्ही आकड्यांत वावरणारे आहात, तेव्हा प्रत्येक तपासणीचा हा आकडा वहीत तारखेसह टिपून ठेवा. नजर सुधारल्याचे जाणवण्याआधी बहुधा हा आकडा उतरू लागतो, आणि ‘फरक थोडाच आहे’ असे तुम्ही लिहिता तेव्हा तो फरक नजरेचा की पडद्याच्या जाडीचा, हे मला पत्रावरून कळत नाही.

हे पाणी येते कुठून? मोतीबिंदू काढताना डोळ्याच्या पुढच्या भागातल्या नाजूक ऊतींना, कितीही हलक्या हाताने काम केले तरी, थोडा धक्का बसतो. त्या ऊती प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने सोडतात. ती हळूहळू मागे पडद्यापर्यंत झिरपतात आणि तिथल्या केसांहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करतात. मग रक्तातले पाणी पडद्याच्या थरांत उतरते. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणूनच ही सूज ऑपरेशननंतर लगेच न दिसता बहुतांशी चार ते सहा आठवड्यांनी, कधी तीन महिन्यांपर्यंतही, वर येते. महिनाभर लख्ख दिसून मग मधोमध पुसट होणे ही तुमच्या डोळ्याची चाल या आजाराच्या नेहमीच्या चालीशी जुळते. आजार नवा नाही. आयर्विन या अमेरिकी नेत्रतज्ज्ञांनी १९५३ साली त्याचे वर्णन केले आणि १९६६ साली गॅस आणि नॉर्टन यांनी रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून काढलेल्या छायाचित्रांत फुलाच्या पाकळ्यांसारखी पाण्याची नक्षी दाखवली. म्हणून आजही आम्ही त्याला आयर्विन-गॅस म्हणतो. त्या काळी मोठा छेद घेऊन भिंग त्याच्या वेष्टनासकट काढत असत आणि सूज बरीच जास्त आढळे. आजच्या छोट्या छेदाच्या ऑपरेशनमध्ये, सगळे सुरळीत पार पडूनही, नजरेला जाणवेल अशी सूज शंभरातल्या एकदोघांना येते. मधुमेह असलेल्यांत हे प्रमाण अधिक असते.

याचाच अर्थ, सूज आली म्हणून ऑपरेशन बिघडले असा निष्कर्ष निघत नाही. शेजाऱ्यांनी सांगितलेले तुम्ही मनावर घेतले आहे, आणि शेजारच्या काकूंना त्याच ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवसापासून दिसू लागले ते आजही तसेच दिसते, हे तुम्हाला रोज समोर दिसत असल्याने ते साहजिकही आहे. तरीही तुमच्या शंकेचा एक भाग मी झटकून टाकणार नाही. भिंगाचे मागचे वेष्टन ऑपरेशनच्या वेळी फाटले किंवा डोळ्यातला जेलीसारखा द्रव पुढे आला, तर सूज येण्याची शक्यता वाढते आणि उपचाराचा अंदाजही बदलतो. असे काही घडले होते का, हे डॉक्टरांना सरळ विचारा. आरोपाच्या सुरात विचारण्याची गरज नाही; ‘ऑपरेशनमध्ये काही अडचण आली होती का, म्हणजे मला पुढचा अंदाज बांधता येईल’ एवढे पुरेसे आहे. डिस्चार्ज कार्डावर आणि ऑपरेशनच्या नोंदीत ते लिहिलेले असते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांच्या आत कागदपत्रे देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. तो तुमचा हक्क आहे आणि तो वापरण्यात अविश्वास दाखवल्यासारखे काही नाही. पुढे कधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचे झाले तर हेच कागद सर्वांत उपयोगी पडतील.

पुढे टाकलेला थेंब मागे कसा पोचणार, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. थेंबातले फार थोडे औषध डोळ्याच्या आत शिरते. बहुतेक अश्रूंबरोबर वाहून जाते. पण वर सांगितल्याप्रमाणे सुजेला कारण ठरणारी रसायने डोळ्याच्या पुढच्या भागातच तयार होतात, आणि तिथे थेंब चांगले पोचतात. उगमालाच त्यांची निर्मिती कमी झाली की मागे झिरपणेही कमी होते. शिवाय तुम्हाला दिलेले नेपाफेनॅक डोळ्याच्या ऊतींत शिरल्यावर तिथल्या विकरांमुळे (एन्झाइममुळे) अधिक प्रभावी रूपात बदलते. ते, तसेच केटोरोलॅक आणि ब्रोमफेनॅक, ही स्टिरॉइड नसलेली सूजविरोधी औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याची क्रिया अडवतात. स्टिरॉइड त्याच साखळीला आणखी वरच्या कडीवर थांबवते आणि दाहाच्या इतर वाटाही बंद करते. दोन बाटल्या देण्यामागे हे गणित आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात केटोरोलॅक आणि प्रेडनिसोलोन एकत्र दिलेल्या रुग्णांची नजर, दोन्हींपैकी एकच औषध मिळालेल्यांपेक्षा लवकर आणि अधिक सुधारली होती. त्यात रुग्ण तीसहून कमी होते, आणि या विषयावर मोठे, नीट आखलेले अभ्यास असायला हवेत तितके नाहीत, हे मी तुमच्यापासून लपवू इच्छित नाही. पण इतक्या वर्षांच्या अनुभवातून जगभर पहिली पायरी म्हणून हेच दोन थेंब दिले जातात, आणि तुमच्या डॉक्टरांनीही तीच पायरी घेतली आहे. याला वेळकाढूपणा म्हणता येणार नाही.

वेळ का लागतो, तेही सांगते. पावसाळ्यात गच्चीची गळती बंद केली तरी भिंतीत मुरलेली ओल वाळायला कित्येक आठवडे जातात, तसेच इथे होते : थेंबांनी झिरपणे थांबते, आणि साठलेले पाणी पडद्याला स्वतःच्या गतीने शोषून घ्यावे लागते. बऱ्याच रुग्णांत ही सूज तीन-चार महिन्यांत उतरते. काहींमध्ये तर औषधाशिवायही उतरते. तुम्हाला सांगितलेली मुदत म्हणूनच वाजवी आहे. मात्र मुदत वाजवी असली तरी ती मोकळी सोडलेली नसावी. पुढची ओसीटी कधी, किती जाडी उतरली तर उपचार पुरेसा समजायचा आणि न उतरल्यास पुढे काय, हे तीन प्रश्न तुम्ही विचारायलाच हवेत. साधारणपणे महिना ते दीड महिन्याने ओसीटी पुन्हा करतात. ती झाली नसेल, तर एवढ्या एका बाबतीत तुमची अस्वस्थता मला पूर्ण मान्य आहे.

स्टिरॉइडच्या भीतीविषयी दोन शब्द. औषधाच्या दुकानदाराने ते स्टिरॉइड आहे एवढेच सांगितले, पण कशासाठी आणि किती काळासाठी हे तो सांगू शकत नव्हता. स्टिरॉइडच्या थेंबांचा खरा धोका निश्चित आहे : काही लोकांत ते डोळ्याचा दाब वाढवतात. हा दाब बहुधा दोन आठवड्यांनंतर चढतो, दुखत नाही, लाल होत नाही, रुग्णाला पत्ताही लागत नाही, आणि बराच काळ तसाच राहिला तर काचबिंदूसारखी हानी करतो. थेंब बंद केल्यावर बहुतेकांचा दाब पूर्ववत होतो. म्हणून त्यावरचा उपाय बाटली घाबरून बंद करणे हा नाही. दर तीन-चार आठवड्यांनी दाब मोजून घेणे हा आहे. मागच्या भेटीत तुमचा दाब मोजला होता का? कागदावर आकडा असेल. २१ च्या आत असला तर सर्वसाधारणपणे चिंता नसते. तुमच्या घराण्यात कोणाला काचबिंदू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण अशांमध्ये दाब चढण्याची शक्यता जास्त असते. थेंबांमुळे रक्तातली साखर वाढण्याची शक्यता फार थोडी आहे. आणखी एक : काही आठवडे चाललेले स्टिरॉइड एकदम तोडले तर दबलेला दाह पुन्हा उसळू शकतो, म्हणून ते दिवसातून चार वेळांवरून तीन, तीनवरून दोन असे उतरवत नेतात. तुम्ही ते एकदम तोडले आहे, हेही उद्याच्या फोनचे एक कारण आहे.

नेपाफेनॅकलाही स्वतःचे नियम आहेत, आणि स्टिरॉइड नाही म्हणून ते पूर्ण निरुपद्रवी आहे असे समजू नका. मधुमेह, फार कोरडे डोळे किंवा संधिवात असलेल्यांच्या डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलाला या गटातल्या औषधांनी क्वचित इजा होते. थेंब टाकल्यावर क्षणभर चुरचुरणे चालते. पण दिवसेंदिवस वाढणारी जळजळ, खुपणे किंवा उजेड सहन न होणे हे सांगण्यासारखे आहे. बाटलीवरचे प्रमाणही पाहा : ०.१ टक्क्याचे नेपाफेनॅक दिवसातून तीनदा टाकतात, ०.३ टक्क्याचे एकदाच. दुकानात एक नाही म्हणून दुसरे दिले गेले तर वेळा बदलतात, तेव्हा चिठ्ठी आणि बाटली जुळते का ते घेतानाच बघावे.

थेंब टाकण्याची रीत सांगताना अनेकांना वाटते की हे काय सांगायचे, पण कित्येकदा औषध निकामी ठरते ते इथेच. हात धुवून घ्या. प्रेडनिसोलोन आणि नेपाफेनॅक दोन्हींचे औषध तळाशी बसते, म्हणून बाटली चांगली हलवा. न हलवता टाकली तर वरचे निव्वळ पाणीच डोळ्यात जाते आणि औषध बाटलीत राहते. मान मागे टाकून, खालची पापणी बोटाने हलकेच ओढून जी खोबण होते तिच्यात एकच थेंब सोडा. बाटलीचे टोक पापणीला किंवा पापणीच्या केसांना लागू देऊ नका. दोन थेंब टाकून फायदा नाही, डोळ्यात तेवढे मावतच नाही. मग डोळा मिटून घ्या, फडफडवू नका, आणि नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यावर बोट ठेवून मिनिट-दोन मिनिटे हलका दाब द्या, म्हणजे औषध नाकात उतरणार नाही. दुसरा थेंब टाकण्याआधी किमान पाच मिनिटे जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा आणि महिन्यानंतर ती वापरू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात बाटली स्कूटरच्या डिक्कीत किंवा दुपारी उन्हात उभ्या गाडीत राहू देऊ नका. घरातल्या आतल्या, थंड खोलीत ठेवा. फ्रिजमध्ये ठेवायला वेष्टनावर सांगितले असेल तरच ठेवा, बर्फाच्या कप्प्यात तर कधीच नको. कूलरचा झोत थेट तोंडावर घेऊन बसल्याने डोळे कोरडे पडतात आणि थेंबांची चुरचूर वाढते, हेही लक्षात असू द्या.

तुमच्या मुलीचा आग्रह काळजीपोटी आहे, आणि इंजेक्शनचा पर्याय खरोखर आहे. दोन-तीन महिने दोन्ही थेंब नियमाने टाकूनही सूज हटली नाही, तर डोळ्याच्या बाजूला किंवा डोळ्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन, हळूहळू औषध सोडणारी डेक्सामेथासोनची बारीक कांडी, किंवा रक्तवाहिन्यांची गळती रोखणारी दुसरी इंजेक्शने दिली जातात. त्यांचा परिणाम अनेकदा लवकर दिसतो. पण डोळ्यात सुई जाते तेव्हा आत जंतुसंसर्ग होण्याचा धोका, हजारांत एकाहूनही कमी असला तरी, असतोच. आणि ज्या स्टिरॉइडच्या थेंबाला तुम्ही घाबरलात तेच औषध इंजेक्शनने आत गेले की दाब चढल्यावर बाटलीसारखे बंद करता येत नाही. मधुमेही रुग्णाची साखरही अशा इंजेक्शननंतर काही दिवस चढू शकते. ही तुलना मुलीला फोनवर समजावून सांगा, किंवा त्याहून बरे म्हणजे पुढच्या भेटीत तिला फोनवरून डॉक्टरांशी बोलू द्या. लांब राहणाऱ्या मुलांना अर्धी माहिती मिळते आणि उरलेली ती काळजीने भरून काढतात.

तुमच्या बाबतीत एका गोष्टीवर मला अधिक जोर द्यायचा आहे, आणि पत्रात तिचा उल्लेख तुम्ही जेमतेम एका ओळीत केला आहे : मधुमेह. मधुमेहातही पडद्याला सूज येते. तिचे कारण निराळे आणि उपचारही निराळा. ऑपरेशनमुळे आलेली सूज कोणती आणि मधुमेहाची कोणती, हे पडदा पाहून आणि कधी रक्तवाहिन्यांची छायाचित्रे काढून ठरवावे लागते, आणि काही डोळ्यांत दोन्ही एकत्र असतात. सूज जर मुख्यतः मधुमेहाची निघाली तर मुलीचा इंजेक्शनचा आग्रह बराचसा योग्य ठरेल. तेव्हा डॉक्टरांना हा प्रश्न नक्की विचारा : ‘ही सूज ऑपरेशनची की साखरेची, आणि ते कशावरून?’ डावा डोळा, ज्याचे ऑपरेशन झालेले नाही, त्याच्या पडद्यावर काय दिसते हेही विचारा, कारण त्यातून बराच उलगडा होतो. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा ताजा अहवाल आणि रक्तदाबाचा आकडा बरोबर न्या. साखरेच्या गोळ्यांची नावेही दाखवा. त्यांत पायोग्लिटाझोन असेल तर ते विशेष सांगा, कारण ते औषध शरीरात पाणी धरून ठेवते आणि काहींमध्ये पडद्याची सूज वाढवते. काचबिंदूसाठी लॅटानोप्रोस्टसारखे थेंब चालू असतील तर तेही सांगायला हवे. मात्र यांपैकी कोणतेही औषध स्वतःहून थांबवू नका. साखरेच्या डॉक्टरांशी बोलून ते बदलता येते.

मुंबईला जाण्याविषयी : दुसरे मत घ्यायला माझी हरकत नाही, पण त्यासाठी नागपूर सोडण्याची मला गरज दिसत नाही. हा उपचार दुर्मीळ नाही आणि त्याला कोणत्याही अवाढव्य यंत्रणेची गरज नसते. धंतोली-रामदासपेठेत पडद्याचे स्वतंत्र तज्ज्ञ आहेत. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत आणि मिहानमधल्या एम्समध्ये नेत्ररोग विभाग आहेत. मत घ्यायचे ते पडद्याच्या तज्ज्ञाचे घ्या आणि जाताना ओसीटीचे सगळे कागद, ऑपरेशनची नोंद, थेंबांच्या बाटल्या आणि त्या कधी सुरू-बंद झाल्या याच्या तारखा न्या. बाहुली मोठी करण्याचे थेंब टाकतील, त्यामुळे काही तास अंधुक दिसेल. स्वतः गाडी चालवत जाऊ नका, उन्हाचा गॉगल ठेवा. तुमच्या डॉक्टरांना सांगून गेलात तर उत्तम. चांगल्या डॉक्टरला त्यात अपमान वाटत नाही, आणि बहुतेक वेळा तेच चिठ्ठी लिहून देतात. मुंबईचा प्रवास, राहणे, दर महिन्याच्या तपासणीला पुन्हा जाणे या सगळ्यात नियमितपणा तुटतो, आणि या आजारात नियमितपणा हाच उपचाराचा मोठा भाग आहे.

पतसंस्थेच्या ऑडिटची चिंता तुम्ही लिहिली आहे. वाचण्याने, आकडेमोड करण्याने किंवा टीव्ही पाहण्याने ही सूज वाढत नाही, तेव्हा काम थांबवण्याचे कारण नाही. डोळ्यांना थकवा येतो, तो वेगळा. डाव्या डोळ्याच्या बळावर, मागच्या बाजूने पडणाऱ्या चांगल्या उजेडात, हातात भिंग घेऊन काम करा, आणि महिन्याच्या बेरजा कोणाकडून तरी पडताळून घ्या. तीन आणि आठ यांत या दिवसांत फसगत होऊ शकते. संस्थेच्या सचिवांना डोळ्याचे उपचार चालू असल्याचे सांगून ठेवण्यात कमीपणा नाही. नव्या चष्म्याची घाई मात्र करू नका. सूज उतरताना नंबर बदलतो, आणि आज केलेला चष्मा दोन महिन्यांनी निरुपयोगी होईल. आठवड्यातून एकदा, त्याच खुर्चीत, त्याच उजेडात, डावा डोळा तळहाताने झाकून खातेवहीच्या कोऱ्या पानावरच्या रेघा उजव्या डोळ्याने पाहा आणि वाकडेपणा किती आहे ते एका ओळीत लिहा. रोज चार वेळा पाहिले तर फक्त काळजी वाढेल.

काही लक्षणांसाठी मात्र ठरलेल्या तारखेची वाट पाहायची नाही. डोळा दुखू लागला, लाल झाला, नजर एका दिवसात एकदम खाली आली, विजा चमकल्यासारख्या दिसू लागल्या, काळ्या ठिपक्यांचा अचानक वर्षाव झाला किंवा एका बाजूने पडदा सरकत आल्यासारखे वाटले, तर रात्र असो की रविवार, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पोचले पाहिजे. ही लक्षणे सुजेची नसून डोळ्यातल्या जंतुसंसर्गाची किंवा पडदा सुटल्याची असू शकतात, आणि तिथे काही तासांचा उशीरही महाग पडतो.

राहिला डावा डोळा. त्याचे ऑपरेशन रद्द करू नका, पुढे ढकला. उजव्या डोळ्याची सूज उतरून स्थिर होईपर्यंत थांबा. तोवर मोतीबिंदू थोडा वाढला तरी बिघडत नाही. एका डोळ्याला अशी सूज आली असेल तर दुसऱ्याला येण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरांनी हा इतिहास पुन्हा वाचलेला असला पाहिजे, आणि तो त्यांना आठवण करून देण्याचे काम तुमचे आहे. अशा रुग्णांना नेपाफेनॅकसारखे थेंब ऑपरेशनच्या काही दिवस आधीपासून सुरू करतात आणि नंतर नेहमीपेक्षा जास्त आठवडे चालू ठेवतात. साखर आधी आटोक्यात आणतात, पडद्याची ओसीटी ऑपरेशनपूर्वी काढून ठेवतात आणि सूज वर येण्याच्या सुमारास, म्हणजे पाच-सहा आठवड्यांनी, त्रास नसला तरी पुन्हा काढतात. हे सगळे तारखांसह चिठ्ठीवर लिहून मागा.